स्वस्त तिकिटाचा खरा हिशेब

परदेशस्थ मराठी कुटुंब सुटीत बंगळूरला येण्याचे ठरविते, तेव्हा प्रथम पाहिले जाते ते भाडे. मुंबईपर्यंत एक तिकीट व पुढे बंगळूरचे दुसरे, असे स्वतंत्र आरक्षण काही वेळा स्वस्त पडते. समजा, माणशी ६,००० प्रमाणे चौघांचे २४,००० रुपये वाचले. परंतु पहिले विमान उशिरा पोहोचून पुढील चुकले, तर दुसऱ्या विमानकंपनीवर त्याचे उत्तरदायित्व नसते. ऐनवेळची तिकिटे माणशी ९,००० रुपयांना मिळाली, तरी ३६,००० रुपये खर्च होतात. म्हणजेच बचत जाऊन १२,००० रुपयांचा तोटा!

संपूर्ण प्रवास एकाच आरक्षणात असल्यास पुढील विमानाची सोय विमानकंपनी करते. तरीही मुंबईत उतरल्यास सामान्यतः पारपत्र तपासणी व सीमाशुल्क तेथेच पार पाडून सामान पुन्हा सोपवावे लागते. लंडन वा फ्रँकफुर्टमार्गे थेट बंगळूरला आल्यास ही धावपळ टळते. २००८ साली सुरू झालेला देवनहळ्ळीचा विमानतळ शहरापासून सुमारे ३५ किलोमीटर दूर आहे; टॅक्सीभाडेही हिशेबात धरावे.

तान्हे मूल किंवा वृद्ध आईवडील सोबत असता त्यांच्या विश्रांतीचे मोलही ग्राहकांनी जमेच्या बाजूस मांडावे. भाडे हा खर्चाचा केवळ पहिला आकडा असतो.