दाराशी आलेली फुकटची पुडी

संजय दत्तच्या व्यसनाची सुरुवात एखाद्या मोठ्या दुःखातून झाली नव्हती. कॉलेजात असताना तो लाजाळू होता, मुलींशी बोलताना जीभ अडखळायची. नशा केली की धीर येतो असे त्याला वाटले, असे त्याने स्वतःच मुलाखतींतून सांगितले आहे. कारण इतके किरकोळ. पुढची सुमारे दहा वर्षे मात्र त्यात गेली. चित्रीकरणात मन नाही, मित्रांत रस नाही, सगळा वेळ खोलीत नाहीतर न्हाणीघरात.

त्याचा जन्म २९ जुलै १९५९चा. वडील सुनील दत्त, आई नर्गिस. आईच्या मृत्यूने तो व्यसनाकडे वळला असे पुष्कळांना वाटते, पण क्रम उलटा आहे. ३ मे १९८१ रोजी कर्करोगाने नर्गिस गेल्या, त्यानंतर काही दिवसांतच त्याचा पहिला चित्रपट ‘रॉकी’ प्रदर्शित झाला. पहिल्या खेळाला त्यांच्यासाठी एक खुर्ची रिकामी ठेवली होती. नशा त्याआधीपासून चालू होती. त्या काळात दोन्ही बहिणींबरोबर विमानाने जाताना त्याने बुटात हेरॉईन लपवून नेले होते. आपण पकडलो गेलो असतो तर बहिणींचे काय झाले असते, हा विचार त्याला पुष्कळ नंतर सुचला. व्यसनी माणूस घरच्यांवर प्रेम करत नाही असे नव्हे. त्या वेळी पुडीपुढे ते त्याला दिसतच नाहीत.

वळण आले ते एका सकाळी. जाग आली, भूक लागली होती, म्हणून त्याने घरच्या नोकराकडे जेवण मागितले. नोकर रडायलाच लागला. संजयला वाटत होते की आपण काल रात्री झोपलो. प्रत्यक्षात मधे दोन दिवस उलटले होते. आरशात पाहिले तर सुजलेला चेहरा आणि रक्त. तो तसाच वडिलांकडे गेला आणि मला वाचवा म्हणाला. मुंबईत रुग्णालयात आणि नंतर अमेरिकेतील पुनर्वसन केंद्रात त्याच्यावर उपचार झाले. त्याच्या आयुष्यावरच्या ‘संजू’ (२०१८) चित्रपटात हा प्रवास तासाभरात आटोपतो. खरा प्रवास तसा आटोपत नाही.

हेरॉईन बंद केले की काही तासांतच अंग मोडून येते, नाक-डोळे वाहतात, पोटात मुरडा येतो, झोप उडते. नशा करणारे याला ‘टर्की’ म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास शिगेला पोचतो आणि साधारण आठवड्या-दहा दिवसांत ओसरतो. डॉक्टरांच्या औषधांनी तो बराच सुसह्य होतो. दारूचे तसे नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने घरातल्या घरात एकदम सोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून बाटली फोडून टाकण्याआधी डॉक्टर गाठावा.

खरी कसोटी उपचारानंतरची. अमेरिकेहून परतल्यावर संजयच्या दाराशी जुना विक्रेता हजर झाला. नवा माल आलाय, फुकट घे, म्हणाला. त्या क्षणी नकार देता आला म्हणून पुढचे सगळे घडले, असे तो सांगतो. या प्रसंगाला वैद्यकीय बाजूही आहे. नशा बंद असताना शरीराची सवय उतरलेली असते. जुन्या मापाने पुन्हा घेतली तर तेवढ्यानेच श्वास थांबू शकतो. संजयला लोक ‘चरसी’ म्हणत, ते पुसून काढण्यासाठी त्याने व्यायामाने शरीर कमावले. व्यसन सुटले म्हणून पुढचे आयुष्य सरळ गेले असे नाही. शस्त्रास्त्र कायद्याखालच्या शिक्षेसाठी त्याला येरवड्याच्या तुरुंगात राहावे लागले, तिथून तो २०१६ मध्ये सुटला.

त्याच येरवड्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. अवचटांचे गर्द म्हणजे ब्राऊन शुगरवरचे लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला होता. अमेरिकेचे तिकीट न परवडणाऱ्यांसाठी पस्तीस दिवस निवासी उपचार आणि नंतरचा पाठपुरावा ही रीत तिथे रुजली.

मुंबई-पुण्याबाहेर, रत्नागिरी जिल्ह्यालाही नशेचा विषय परका नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये दापोलीच्या किनाऱ्यावर कर्दे, लाडघर, केळशी परिसरात चरसची पाकिटे वाहून आली. एकूण माल दोनशे किलोंच्या वर गेला. घरोघरचे उपाय मात्र अजून जुनेच आहेत. मुंबईत बिघडलेल्या मुलाला हवापालट म्हणून गावी धाडायचे, ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घालायचे, नाहीतर लग्न लावून द्यायचे. गाऱ्हाण्याने निदान कुणाचे वाईट होत नाही. लग्नाने मात्र आणखी एका मुलीचा संसार पणाला लागतो. चहातून गुपचूप औषध देणे तर सरळ धोक्याचे. दारू सोडवण्यासाठीच्या डायसल्फिरामच्या गोळीवर नकळत दारू प्यायल्यास प्रकृती गंभीर होऊ शकते.

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या आहेत. त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे हाच रास्त मार्ग. रत्नागिरीत १८८६ पासूनचे मनोरुग्णालय आहे. ‘वेड्यांचे इस्पितळ’ या जुन्या नावाच्या धास्तीने पुष्कळ कुटुंबे त्या फाटकापाशी यायला वर्षे लावतात. पोलिसांची भीती हा दुसरा अडसर. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील व्यसनी व्यक्ती मान्यताप्राप्त संस्थेत स्वेच्छेने उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे, मानसिक आरोग्यासाठी १४४१६. रुग्ण तयार नसला तरी घरच्यांनी आधी फोन करून सल्ला घ्यायला हरकत नाही.