फवारे सोडा, सोडा घ्या!

प्रश्न : फरशी, काच, बाथरूम, शेगडी, प्रत्येकाची बाटली वेगळी. महिन्याचा खर्च परवडत नाही. मोजक्या वस्तूंत भागेल का?
– एक गृहिणी, सिंदेवाही

उत्तर : भागेल. किराणा दुकानातला धुण्याचा सोडा, लिंबू किंवा चिंच, भांड्यांचा साबण आणि थोडी ब्लीचिंग पावडर एवढे पुरे.

तेलकट मळ क्षाराने सुटतो. अर्ध्या बादली गरम पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा घालून ओटा, टाइल्स, एक्झॉस्ट फॅनची पाती पुसा. हातमोजे घाला, ॲल्युमिनियमला मात्र हे पाणी लावू नका, ते काळे पडते. नळावरचा पांढरा थर चुन्याचा, त्याला आम्ल हवे. लिंबाच्या रसात भिजवलेले फडके अर्धा तास गुंडाळून ठेवा. ओटा कडप्प्याचा असेल तर लिंबू, चिंच दूरच ठेवा, कारण कडप्पा हाही चुनखडीच. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढण्याची हौस सध्या फार आहे. फेस छान दिसतो, पण दोघांचाही जोर जातो.

तुमच्याकडे धानाच्या कोंड्याची राख सहज मिळते. तिच्यात बहुतांश सिलिका असते, म्हणून लोखंडी तवा, करपलेले बूड घासायला ती उत्तम. काच आणि चकचकीत स्टीलवर चरे पडतील.

ब्लीचिंग पावडर फक्त संडास-मोरीला. ॲसिड, लिंबू, व्हिनेगर यांच्यात ती कधीही मिसळू नका. विषारी क्लोरीन वायू सुटतो. डबा प्लास्टिकचा, घट्ट झाकणाचा आणि मुलांच्या हाताला न लागणारा ठेवा.