आधी सावली, मग दिवा

आफ्टर इफेक्ट्समध्ये टायटल्स करताना जे हाती लागलं, ते नव्याने शिकणाऱ्यांसाठी.

१. लाइट टाकण्याआधी सावली ठरवा. अक्षरांच्या डावीकडे हवी की उजवीकडे, लांब की आखूड? एवढं पक्कं झालं की दिवा कुठे ठेवायचा ते आपोआप कळतं.

२. पहिला लाइट टाकताच सीन अंधारतो. त्यात काही बिघडलेलं नसतं. लाइट नसताना थ्रीडी लेयर मूळ रंगात पूर्ण उजळलेला दिसतो. लाइट आला की सगळी भिस्त त्याच्यावर. टूडी लेयरवर लाइटचा परिणामच होत नाही, म्हणून ‘लाइट पडत नाही’ अशी तक्रार आली की मी आधी लेयरचा थ्रीडी स्विच बघतो.

३. सावलीसाठी तीन ठिकाणी होकार लागतो: लाइटचं ‘कास्ट्स शॅडोज’, अक्षरांच्या लेयरचं ‘कास्ट्स शॅडोज’ आणि मागच्या भिंतीचं ‘अ‍ॅक्सेप्ट्स शॅडोज’. तिसरं मुळात चालूच असतं, लेयरचं मात्र बंद. लेयर निवडून ‘ए’ दोनदा दाबलं की मटेरियल ऑप्शन्स उघडतात. शिवाय अक्षरं भिंतीला चिकटलेली असतील तर सावली दिसणार कुठे? झेड अक्षावर त्यांना थोडं पुढे ओढा.

४. लेयरच्या ‘कास्ट्स शॅडोज’ला चालू-बंदखेरीज ‘ओन्ली’ असा तिसरा पर्याय आहे आणि माझा सगळ्यात जास्त जीव त्याच्यावर. लेयर अदृश्य होतो, सावली तेवढी उरते. खिडकीच्या गजांचा साधा शेप लेयर करा, तो स्पॉट लाइट आणि टायटल यांच्यामध्ये ठेवा, ‘ओन्ली’ निवडा आणि लाइटची पोझिशन अगदी सावकाश सरकवा. फ्रेममध्ये खिडकी नाही, तरी अक्षरांवरून दुपार कलताना दिसते. मग लाइटचं ‘शॅडो डिफ्यूजन’ हळूहळू वाढवत कडा मऊ करा. गजांऐवजी रंगीत काच हवी असेल, तर रंगीत लेयर घेऊन त्याचं ‘लाइट ट्रान्समिशन’ १०० टक्क्यांवर न्या. सावलीत काचेचे रंग उतरतात.

५. अ‍ॅम्बियंट लाइट जपून वापरा. त्याला दिशा नाही, सावली नाही. वाढवला की सगळं सपाट होतं. काळोखातला तपशील जेमतेम दिसेल इतकाच ठेवावा.

६. फॉलऑफ, म्हणजे अंतरानुसार लाइट मंदावण्याची सोय, २०११ मध्ये, आफ्टर इफेक्ट्स सीएस ५.५ सोबत आली. त्यातला ‘इन्व्हर्स स्क्वेअर क्लॅम्प्ड’ हा प्रकार खऱ्या दिव्याच्या नियमाने चालतो: ठरवलेल्या त्रिज्येपलीकडे अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई. टेबलावरचा दिवा, पणती अशा जवळच्या उजेडासाठी तोच घ्यावा. उन्हासाठी मात्र पॅरलल लाइट, फॉलऑफशिवाय.

७. इंटेन्सिटी शून्याखालीही नेता येते, मग तो लाइट प्रकाश शोषून घेतो. एखादा कोपरा नको तितका उजळला असेल, तर मुख्य दिव्याला हात न लावता तिथे उणे इंटेन्सिटीचा स्पॉट रोखा. ‘कोन फेदर’ भरपूर ठेवा, नाहीतर गडद वर्तुळाची कड दिसते.