पाय दुखतात, गोळी देऊ का?

आई-बाबांनो, बदलापूर-अंबरनाथकडच्या पालकांकडून हल्ली हा प्रश्न फार ऐकू येतो. मूल रात्री पोटऱ्या दाबून मागतं, झोपेत दचकतं, अभ्यासाला बसलं की पेंगतं. मोबाईलवर कुणीतरी ठासून सांगतं की हे मॅग्नेशियम कमी पडल्याचं लक्षण. दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातून रंगीत गमीजची बरणी घरी येते. ती उघडण्याआधी थोडं बोलू या.

तीन ते बारा वर्षांच्या मुलाचे दोन्ही पाय संध्याकाळी किंवा रात्री दुखावेत आणि सकाळी त्यानं उड्या मारत उठावं, ही या वयातली नेहमीची तक्रार आहे. ती मॅग्नेशियमच्या कमतरतेनं होते असं सिद्ध झालेलं नाही. तेल लावून पाय चोळा, कोमट शेक द्या, जवळ घ्या. बहुतेकदा तेवढ्यानं भागतं. एकच पाय सारखा दुखत असेल, सांधा सुजला असेल, ताप असेल, मूल लंगडत असेल किंवा सकाळीही दुखणं तसंच असेल, तर मात्र घरी उपाय करत बसू नका. डॉक्टरांना दाखवा.

आता मॅग्नेशियमचं. मोठ्या माणसाच्या अंगात ते साधारण 25 ग्रॅम असतं. निम्म्याहून जास्त हाडांत, उरलेलं बहुतेक स्नायूंत आणि इतर पेशींत. रक्तात एक टक्काही नाही. म्हणून रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला तरी अंगातला साठा पुरेसा आहे असं छातीठोकपणे सांगता येत नाही. पण घाबरून जाण्याचंही कारण नाही. जेवणातून ते कमी मिळायला लागलं की निरोगी मुलाची किडनी लघवीवाटे जाणारं मॅग्नेशियम रोखून धरते. हातापायांना मुंग्या, स्नायूंची फडफड, पेटके, क्वचित फिट किंवा हृदयाचे ठोके बिघडणं, अशी खरी कमतरता लांबलेले जुलाब, पोषण न शोषलं जाणं किंवा किडनीचा एखादा आजार असल्याशिवाय मुलांत सहसा दिसत नाही.

मुलांत जास्त करून दिसतं ते इतकंच, की ताटात ते कमी येतं. आपल्या भागात त्याचं बरंचसं कारण लोकलच्या वेळापत्रकात आहे. आई-बाबा दोघंही उजाडताना घराबाहेर पडणार. डब्यात जॅम-ब्रेड, शाळेतून आल्यावर नूडल्स, क्लासला जाताना वडापाव, आणि रात्री सगळेच दमलेले म्हणून वरण-भात. यात कुणाचा गुन्हा नाही. आईचा तर नाहीच, जरी असल्या लेखांतून बोलणी तिलाच बसत असली तरी.

हिशेब मात्र बघण्यासारखा आहे. आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2020 साली दिलेल्या शिफारशीप्रमाणे सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला 175 मिलीग्रॅम मॅग्नेशियम लागतं. दोन पावांत ते जेमतेम पंधरा-वीस, वाटीभर पांढऱ्या भातात दहाच्या आसपास. गिरणीत कोंडा गेला की त्याच्याबरोबर तेही गेलं. उलट ज्वारी, बाजरी किंवा नाचणीच्या एका भाकरीत सत्तरच्या पुढे, मूठभर शेंगदाण्यांत पन्नासेक आणि वाटीभर उसळीत चाळीस-पन्नास. एवढ्यातच दिवसाची गरज जवळपास भागते. मटकी-चवळी भिजवून मोड आणले तर ते अंगीही जास्त लागतं. लहानग्यांना अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात. कूट किंवा चटणी द्या. सकाळी भाकरी थापायला वेळ कुठला, हे कबूल. नाचणीचं पीठ रात्रीच कालवून ठेवा, सकाळी दोन घावन होतात. चपातीच्या पोटात तीळ-दाण्याची चटणी पसरून गुंडाळी केली की मुलं ती रिक्षातसुद्धा संपवतात.

हिरव्या पानातल्या हरितद्रव्याच्या अगदी केंद्रात मॅग्नेशियमचा अणू असतो, म्हणून पालेभाजीही ताटात हवी. आणि इथे उल्हासनगरच्या सिंधी घरांकडून घेण्यासारखं आहे. फाळणीनंतर तिथल्या कल्याण कॅम्पात येऊन राहिलेली ही मंडळी साई भाजी करतात: पालक, आंबट चुका, हरभऱ्याची डाळ, बटाटा-वांगं-गाजर जे असेल ते, सगळं एकाच कुकरमध्ये शिजवून रवीनं घोटायचं. भाजीचं पाणी फेकायचा प्रश्नच नाही. आपण पालेभाजी उकडून पाणी मोरीत ओततो, तेव्हा मॅग्नेशियमचा काही वाटा त्या पाण्याबरोबर जातो. शिवाय साई भाजीतला पालक मुलांना ओळखू येत नाही, हा तर बोनस. पावसाळ्यात आजूबाजूच्या पाड्यांवरच्या बायका टाकळा, फोडशी अशा रानभाज्या घेऊन बाजारात बसतात, त्यांच्यापुढून घाईघाईनं निघून जाऊ नका. भाजी कशी करायची ते त्याच सांगतात, आणि त्यांच्या सांगण्यात पनीर नसतं.

झोपेचं खापरही मॅग्नेशियमवर फोडू नका. बाबांची गाडी येईपर्यंत जागलेलं मूल अकराला झोपतं आणि सहाला उठवलं जातं. ते चिडचिडं होणारच. बाबांची भेट रविवारी भरून काढता येते, झोप तशी भरून काढता येत नाही.

खरं सांगू? मला मुलांपेक्षा तुमची काळजी वाटते. सकाळी रिकाम्या पोटी चहा, मग ॲसिडिटीची गोळी, मग गाडी. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल या जातीच्या गोळ्या दीर्घकाळ, बहुधा वर्षाहून जास्त घेतल्या, तर काही जणांचं मॅग्नेशियम खरोखरच घसरतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2011 मध्येच तसा इशारा दिला आहे. लघवी वाढवणारी काही ब्लडप्रेशरची औषधं, आटोक्यात नसलेली शुगर आणि रोजची दारू यांनीही तेच होतं. प्रौढ पुरुषाला दिवसाला 440 आणि स्त्रीला 370 मिलीग्रॅम लागतं, आणि ऑफिसच्या कँटीनमधल्या समोसा-पावातून ते मिळत नाही. तुमच्या पायात रात्री गोळे येत असतील, हात थरथरत असतील, छातीत धडधडत असेल, तर तपासणी तुमची व्हायला हवी.

ॲसिडिटीची गोळी मनानं बंद करू नका आणि मॅग्नेशियमची गोळी मनानं सुरूही करू नका. जास्त झाली तर जुलाब होतात, आणि किडनी अधू असेल तर मॅग्नेशियम रक्तात साचून जिवावर बेततं. मुलांसाठी आणलेल्या गमीजनाही हेच लागू. पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा मुलाच्या फाईलबरोबर तुम्ही घेता त्या सगळ्या औषधांच्या स्ट्रिप पिशवीत टाका आणि ॲसिडिटीच्या गोळीवर बोट ठेवून विचारा, ही अजून किती दिवस घ्यायची?