झाडापासून रेषेपर्यंत

झाडाचे चित्र पाहणाऱ्यास 'हे झाड आहे' असे सांगावे लागत नाही. नदी, घर, गाय, माणूस ह्यांची चित्रेही पाहताक्षणीच ओळखू येतात, आणि ओळख पटली की मनाला एक प्रकारचे समाधान वाटते. परंतु पांढऱ्या पृष्ठभागावर ओढलेल्या काही काळ्या रेषा आणि त्यांच्यामधील तांबडे, निळे व पिवळे चौकोन, एवढेच ज्या चित्रात आहे, त्याच्यापुढे उभे राहिल्यावर 'हे कशाचे चित्र?' हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. ज्या चित्रांत कोणत्याही वस्तूची प्रतिमा नसते, त्यांना अमूर्त चित्रे म्हणतात. त्यांतील आकार भूमितीतले असले, तर ती भौमितिक अमूर्त चित्रे होत. झाडे उत्तम रीतीने काढता येत असूनही एका चित्रकाराला झाड सोडून रेषेकडे का जावेसे वाटले, हे हॉलंडमधील पीट मोंद्रियान ह्याच्या चित्रांवरून चांगले समजते.

मोंद्रियानचा जन्म 1872 साली आमर्सफोर्ट ह्या गावी झाला. त्याचे वडील शाळेत मुख्याध्यापक होते. चुलता चित्रकार होता. 1892 साली तो आम्सटरडॅम येथील कलाशाळेत दाखल झाला आणि पुढील कित्येक वर्षे त्याने आपल्या देशाची निसर्गचित्रे रंगवली. नदीकाठची शेतघरे, पवनचक्क्या, सायंकाळच्या मंद प्रकाशातील वृक्ष, हे त्याचे आवडते विषय. ज्यांना असे वाटते की, चित्र काढता न येणारा मनुष्य रेषा ओढून वेळ मारून नेतो, त्यांनी मोंद्रियानची ही जुनी चित्रे अवश्य पाहावीत.

1908 ते 1910 ह्या काळात त्याने एका निष्पर्ण झाडाचे चित्र रंगवले. निळ्या पार्श्वभूमीवर तांबड्या रंगाचे, वेड्यावाकड्या फांद्यांचे हे झाड आहे. रंग निसर्गातले नव्हेत, तरीही झाड झाडच आहे. 1911 साली पिकासो व ब्राक ह्यांच्या नव्या पद्धतीची चित्रे त्याच्या पाहण्यात आली. त्या चित्रकारांनी वस्तूचे जणू तुकडे करून ते निराळ्या रीतीने मांडले होते. त्याच वर्षी मोंद्रियानने दुसरे एक झाड रंगवले. ह्यात निळा नाही, तांबडा नाही. केवळ करड्या रंगाच्या छटा आहेत. फांद्यांच्या कमानी झाल्या आहेत आणि दोन फांद्यांमधील मोकळी जागाही फांद्यांइतक्याच काळजीने रंगवलेली आहे. 1912 सालच्या 'फुललेले सफरचंदाचे झाड' ह्या चित्रात तर खोड शोधावे लागते. एकमेकींना छेदणाऱ्या वक्ररेषा तेवढ्या दिसतात. चित्राचे नाव झाकून ठेवले, तर पाहणारा त्यांना माशाचे खवले म्हणेल, नाहीतर पाण्यावरील लाटा म्हणेल. झाड कोठे संपले आणि रेषा कोठे सुरू झाली, हे बोट ठेवून दाखवणे कठीण आहे.

ह्याच सुमारास तो पॅरिसला राहावयास गेला आणि आपल्या आडनावाच्या डच लेखनातील एक अक्षर त्याने गाळून टाकले. गाळण्याची ही सवय त्याला पुढे चांगलीच जडली! 1914 साली वडिलांच्या आजारपणामुळे तो मायदेशी आला, तोच पहिले महायुद्ध सुरू झाले, आणि 1919 पर्यंत त्याला पॅरिसला परतता आले नाही. त्या काळात दोंबर्ग ह्या गावच्या किनाऱ्यावरून त्याने समुद्राची व समुद्रात शिरलेल्या धक्क्याची अनेक रेखाटने केली. समुद्राच्या आडव्या लाटा आणि त्यांत सरळ पुढे गेलेला धक्का ह्यांतून 1915 साली एक चित्र तयार झाले. त्यात अधिक व वजा ह्या चिन्हांसारख्या लहान लहान काळ्या रेषांखेरीज दुसरे काहीच नाही. सृष्टीच्या सर्व पसाऱ्याखाली उभे व आडवे ह्या दोन विरोधी दिशांचे नाते आहे आणि ते नाते दाखवणे हेच चित्राचे काम आहे, अशी त्याची दृढ समजूत झाली. 1920 नंतर त्याच्या चित्रांत सरळ काळ्या रेषा, तीन मूळ रंग आणि पांढरा, करडा व काळा एवढेच उरले.

येथे 'अमूर्त' ह्या शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे. पाश्चात्य भाषांत अशा चित्रांसाठी जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ 'ओढून काढलेले' असा आहे. वस्तूमधून तिचे सार काढून घेतले, असा त्याचा भाव. मोंद्रियानच्या झाडांना हे वर्णन तंतोतंत लागू पडते. परंतु रशियातील काझिमिर मालेव्हिच ह्या चित्रकाराने 1915 साली पांढऱ्यावर एक काळा चौकोन रंगवून प्रदर्शनात मांडला. तो चौकोन कोणत्या झाडातून काढला? कोणत्याच नाही. तो आरंभापासूनच चौकोन होता. म्हणजे एकाच नावाखाली दोन निराळ्या जातींची चित्रे आली. थेओ व्हान डूसबर्ख हा मोंद्रियानचा मित्र तर 1930 साली असे म्हणू लागला की, अशा चित्रांना अमूर्त म्हणणेच चुकीचे आहे. चित्रातले झाड हा आभास असतो. पण चित्रातली रेषा ही खरोखरीची रेषा असते आणि तांबडा रंग हा खरोखरीचा तांबडा रंग असतो. म्हणून हीच खरी मूर्त चित्रे! त्याचे हे म्हणणे मोठे अडचणीचे आहे, कारण ते सहजासहजी खोडता येत नाही.

चौकडीच्या लुगड्यावर किंवा फरशीवरही उभ्या-आडव्या रेषा असतातच. मग मोंद्रियानच्या चित्रात आणि लुगड्यात भेद कोणता? लुगड्यावरील चौकडी पुन्हा पुन्हा तशीच येते. हातभर कापड पाहिले की उरलेले न पाहताही कळते. मोंद्रियानचे 1930 सालचे एक प्रसिद्ध चित्र ह्याच्याशी ताडून पाहावे. ते सुमारे 46 सेंटिमीटर लांबीरुंदीचे आहे. त्याच्या उजव्या बाजूस वरचा फार मोठा भाग तांबड्या चौकोनाने व्यापला आहे. डावीकडे खाली लहानसा निळा चौकोन आहे आणि उजवीकडे अगदी खालच्या कोपऱ्यात पिवळ्याचा एक तुकडा आहे. उरलेले पांढरे आहे. मध्ये टेकू दिलेल्या फळीवर एक थोराड मुलगा टेकूजवळ आणि एक किरकोळ मुलगा दूरच्या टोकाला बसला, तर फळी समतोल राहते. तसाच प्रकार येथे आहे. बोटाने निळा चौकोन झाकून पाहिला की चित्र उजवीकडे कलल्यासारखे वाटू लागते. सगळ्या रेषाही सारख्या जाडीच्या नाहीत. डावीकडची एक आखूड आडवी रेषा मुद्दाम जाड ठेवलेली आहे. समानांचा मेळ घालणे सोपे असते, पण असमानांचा मेळ घालण्यास मोंद्रियानला कित्येकदा रेषा पुसून पुन्हा पुन्हा ओढाव्या लागत.

तिरप्या रेषेला मात्र त्याच्या चित्रात थारा नव्हता. कधी त्याने चौरस कॅनव्हास कोपऱ्यावर उभा केला, तरी आतील रेषा उभ्या आणि आडव्याच राहिल्या. 1924 च्या सुमारास व्हान डूसबर्खने आपल्या चित्रांत तिरप्या रेषा आणल्या, आणि हा मतभेद एवढा वाढला की दोघांची फारकत झाली. दोन प्रौढ माणसांनी एका तिरप्या रेषेवरून मैत्री तोडावी, ह्याचे हसू येईल. परंतु ज्याने झाड, समुद्र, आकाश हे सर्व सोडून दोनच दिशा जवळ ठेवल्या, त्याला तिसरी दिशा केवढी मोठी वाटली असेल! ह्या चित्रांना त्या काळी गिऱ्हाईक थोडे, म्हणून पोटासाठी मोंद्रियानला फुलांची चित्रे रंगवून विकावी लागत.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1940 साली, तो न्यूयॉर्कला गेला. तेथे रंगीत चिकटपट्ट्या कॅनव्हासवर लावून, त्या इकडून तिकडे सरकवून तो रचना ठरवीत असे. 1 फेब्रुवारी 1944 रोजी तो मरण पावला. 1941 सालचे अशाच पट्ट्यांचे एक अपुरे चित्र 1945 साली न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शनात लागले आणि 1980 पासून ते जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथील संग्रहालयात आहे. 2022 साली त्या संग्रहालयातील अभ्यासक सुझाने मायर-ब्यूझर ह्यांनी दाखवून दिले की, हे चित्र बहुधा इतकी वर्षे उलटे टांगलेले आहे. पट्ट्यांची दाटी खाली दिसते, ती वर असावयास हवी. पॅरिसमध्ये असलेल्या ह्याच्याच जोडीच्या चित्रात ती वर आहे. शिवाय चित्रकाराच्या मृत्यूनंतर काही दिवसांनी त्याच्या कार्यशाळेत घेतलेल्या छायाचित्रातही हे चित्र घोडीवर दुसऱ्या बाजूने ठेवलेले दिसते.

ही वार्ता ऐकून पुष्कळांनी ह्या कलेची थट्टा केली. उलटसुलट कसेही चालते, त्याला कला कशी म्हणावी, असा त्यांचा प्रश्न होता. उलटे टांगलेले झाड लहान मूलही ओळखील. येथे चूक ध्यानात येण्यास 77 वर्षे लागली, हे खरेच आहे. तथापि चूक सापडली ती रेषांकडे बारकाईने पाहिल्यामुळेच. दाटी वर असली तर ती भरून आलेल्या आभाळासारखी वाटते. खाली असली तर पायाच्या दगडांसारखी. म्हणजे कसेही चालत नाही. चित्र आता सुलटे का करीत नाहीत, असे कोणी विचारील. त्या जुन्या पट्ट्यांचा चिकटपणा गेला आहे. चित्र फिरवले तर त्या स्वतःच्या भाराने सुटून येण्याचा धोका आहे. म्हणून संग्रहालयाने ते होते तसेच ठेवण्याचे ठरवले.