माळकऱ्याने केलेली डुकरांची वकिली

गायी-डुकरांच्या ढेकरांतून आणि शेणातून निघणाऱ्या वायूंवर कर बसवायचं डेन्मार्कमध्ये २०२४ च्या जूनमध्ये ठरलं. त्याआधी सरकार, शेतकरी संघटना, निसर्गवाले, कामगार संघटना, सगळे एका टेबलाशी महिनोन्महिने बसले होते. पुढे कोपनहेगनला शिकताना एका कार्यशाळेत आम्ही चौदा जणांनी तेच टेबल मांडलं. सोंगं चिठ्ठ्या टाकून वाटली. माझ्या गळ्यात तुळशीची माळ, आणि चिठ्ठीत निघालं : शेतकरी संघटनेचा लॉबीवाला.

१. पहिला अर्धा तास मी ‘कर नकोच’ म्हणत राहिलो. कुणी वादसुद्धा घातला नाही. माझ्याकडे पाठ करून बाकीचे आपापसात दर ठरवायला लागले.

२. मग मी मंडईतली रीत धरली. भाव मान्य करायचा आणि मापात सूट मागायची. तज्ज्ञांच्या गटाने उत्सर्जनाच्या टनामागे ७५०, ३७५ आणि १२५ क्रोनर असे तीन पर्याय सुचवले होते. मी मोठ्या आकड्याला मान डोलावली आणि म्हटलं, पण निम्मं उत्सर्जन करमुक्त, आणि सुरुवात पाच वर्षांनी. अर्थमंत्री झालेला मुलगा खूश. त्याला बातमीपुरता आकडा मिळाला होता. शेवटी खरा करार पडद्यावर दाखवला तेव्हा मी ओशाळलो. २०३० पासून ३०० क्रोनर, पण ६० टक्के सूट, म्हणजे हातात १२०. २०३५ ला ७५०, म्हणजे ३००. वर सुरुवातीच्या वर्षांचा पैसा शेतीच्याच हरित बदलासाठी परत. खरे लॉबीवाले माझ्यापेक्षा पक्के निघाले.

३. माझा सगळ्यात जोरदार मुद्दा माझा नव्हताच. कॉफीच्या सुट्टीत कत्तलखान्यातल्या कामगारांची बाजू मांडणारी मुलगी हळूच म्हणाली, “नोकऱ्यांचं मी बोलते, तू गप्प बस. तुझ्या तोंडी ते शोभत नाही.” तिचं खरं होतं.

४. खोटं एकदाही बोलावं लागलं नाही. इथली डुकरं कमी केली तर तेच मांस पोलंडमध्ये तयार होईल, असं मी म्हणालो. डेन्मार्कमधली लाखो पिल्लं आजही वाढायला पोलंडला जातातच. फक्त मग लोकांनी खायचंच कमी केलं तर काय, हा पुढचा प्रश्न मी काढला नाही. दुसऱ्या कुणीही काढला नाही. चार तास टन आणि क्रोनर चालले. खाणाऱ्यासाठी खुर्चीच मांडलेली नव्हती.

५. जेवताना निसर्गवाल्यांची पुढारीण समोर येऊन बसली. तिच्या ताटात डुकराच्या मांसाचे तळलेले गोळे, माझ्या ताटात राईच्या पावावर उकडलेला बटाटा. दोघंही एकमेकांच्या ताटाकडे बघून हसलो.

रात्री आईला फोनवर सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “हे सगळं करताना माळ काढून ठेवली होतीस ना रे?”