गाण्याचा तास आणि नवी भाषा

तुम्हांला न येणाऱ्या भाषेतील, समजा तमिळमधील, बातम्या कधी लक्ष देऊन ऐकल्या आहेत काय? निवेदक भरधाव बोलत आहे, मध्ये श्वासही घेत नाही, असे वाटते. गंमत अशी, की मराठी न येणाऱ्या माणसाला आपले बोलणेही तसेच भरधाव वाटते! असे का व्हावे?

छापील मजकुरात दोन शब्दांच्या मध्ये मोकळी जागा सोडलेली असते. बोलण्यात बहुधा ती नसते. ‘आईनेभाकरीकेली’ असा सलग आवाज कानावर पडतो. त्याचे तीन तुकडे आपला मेंदू करतो, आणि तेही इतक्या सहज, की आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही. अनोळखी भाषेत मात्र हे तुकडे कोठे पाडायचे तेच कळत नाही.

घरी कोरकू, भिली किंवा तेलुगू बोलणारे मूल पहिलीत मराठी शाळेत येऊन बसते, तेव्हा त्याची हीच अवस्था असते. शब्दाचा अर्थ कळणे ही पुढची पायरी. आधी शब्द सुटा ऐकू आला पाहिजे. या पहिल्या पायरीवर गाण्याच्या तासाचा उपयोग होतो काय, हे आता पाहू.

शब्द तोडायचा कोठे?

१९९६ साली अमेरिकेत जेनी सॅफ्रन, रिचर्ड आस्लिन व एलिसा न्यूपोर्ट या संशोधकांनी आठ महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग केला. तीन-तीन अक्षरांचे चार निरर्थक ‘शब्द’ त्यांनी बनवले. ते उलटसुलट क्रमाने, मध्ये जराही न थांबता, एकाच सुरात दोन मिनिटे बाळांना ऐकवले. नंतर त्यांतले काही खरे ‘शब्द’ आणि दोन शब्दांच्या सांध्यावर तयार होणाऱ्या काही जुळण्या वेगवेगळ्या ऐकवल्या. बाळांनी सांध्यावरच्या जुळण्यांकडे जास्त वेळ लक्ष दिले. म्हणजेच त्यांना फरक कळला होता!

तो कसा? एका शब्दातील अक्षरे नेहमी ठरलेल्या क्रमाने येतात. पण शब्द संपल्यावर पुढे कोणते अक्षर येईल याचा नेम नसतो. बाळाचा मेंदू हा हिशेब नकळत ठेवतो.

संगीत ऐकतानाही असाच हिशेब चालू असतो. तबलजी तीनतालाच्या १६ मात्रा अखंड वाजवतो. तरी जाणता श्रोता मनात चार-चार मात्रांचे विभाग पाडतो आणि नेमकी समेवर मान डोलावतो. मग ज्याला संगीताची सवय आहे त्याला शब्दही लवकर तोडता येतील काय?

फ्रान्समधील क्लेमाँ फ्रांस्वा व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासले. आठ वर्षांच्या मुलांचे दोन गट केले. एका गटाला संगीत शिकवले, दुसऱ्याला चित्रकला. सुरुवातीला निरर्थक अक्षरांच्या प्रवाहातून ‘शब्द’ ओळखण्यात दोन्ही गट सारखेच होते. दोन वर्षांच्या या अभ्यासात संगीताच्या गटाची प्रगती होत गेली, चित्रकलेच्या गटाची झाली नाही. २०१३ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

कानाची धार

नव्या भाषेतली दुसरी अडचण म्हणजे सारखे वाटणारे ध्वनी. ‘दात’ आणि ‘दाट’ हे शब्द आपण कधी एकमेकांत मिसळत नाही. पण इंग्रजी मातृभाषा असलेल्या बहुतेकांना त-ट हा भेद सहसा नीट ऐकूच येत नाही. कॅनडातील जॅनेट वर्कर व रिचर्ड टीझ यांनी १९८४ साली दाखवून दिले, की इंग्रजी घरांतली सहा ते आठ महिन्यांची बाळे हिंदीतील त-ट हा भेद ओळखतात. पण वर्षाची होईपर्यंत त्यांची ही क्षमता बरीच मंदावते. जो भेद रोज कानावर पडत नाही, त्याकडे मेंदू दुर्लक्ष करू लागतो.

मराठी शिकणाऱ्या मुलालाही अशीच कसरत करावी लागते. ‘वेळ’ आणि ‘वेल’ वेगळे ऐकू आले पाहिजेत. ‘जग फार मोठे आहे’ यातला ‘ज’ आणि ‘सुखाने जग’ यातला ‘ज’ हे तर लिहायला एकच, उच्चाराला मात्र निराळे! तेथे पुस्तक मदत करत नाही; कानच लागतो.

संगीतात कानाला सूक्ष्म भेदांचीच तालीम मिळते. ‘सा’ची कंपने सेकंदाला २४० धरली, तर कोमल ‘रे’ची सुमारे २५६ होतात. एवढासा फरक ओळखायला शिकलेला कान अक्षरांचे भेदही चांगले टिपतो काय?

चीनमध्ये बीजिंग येथे ४-५ वर्षांच्या ७४ बालकांवर हा प्रयोग झाला. चिनी भाषेत सुराला फार महत्त्व आहे. ‘मा’ हे अक्षर चार निराळ्या सुरांत उच्चारले की आई, ताग, घोडा आणि रागावणे असे चार अर्थ होतात. एका गटाला सहा महिने, आठवड्यातून तीनदा, ४५ मिनिटे पियानो शिकवला; दुसऱ्याला तेवढाच वेळ जादा वाचन दिले; तिसऱ्याला काहीच जादा दिले नाही. एका व्यंजनाचाच फरक असलेले शब्द ओळखण्यात पियानोचा गट वाचनाच्या गटाच्याही पुढे गेला. हा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. ही बालके आपल्या मातृभाषेतलेच शब्द ऐकत होती, हे ध्यानात ठेवा. पण धार चढली ती कानाला, आणि नव्या भाषेलाही तोच कान लागतो.

संगीत काय करत नाही?

याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. पियानो शिकलेल्या मुलांची सर्वसाधारण बुद्धिमत्ता, अवधान किंवा स्मरणशक्ती इतरांहून वाढली नव्हती. ‘गाणे शिका आणि हुशार व्हा’ असे कोणी म्हणाले, तर सावध राहा.

२००६ सालच्या एका अभ्यासात अमेरिकेत राहणाऱ्या ५० जपानी प्रौढांची इंग्रजी तपासली. ज्यांना संगीताची जाण अधिक, त्यांना इंग्रजी ध्वनी ऐकणे व उच्चारणे चांगले जमत होते. व्याकरण आणि शब्दसंग्रह यांत मात्र असा संबंध दिसला नाही. संगीत भाषेचे दार किलकिले करते. आत जायला बोलणे, वाचणे आणि माणसांत मिसळणे लागतेच.

करून पाहा

तुमच्या वर्गात किंवा शेजारी दुसरी भाषा बोलणारे कोणी असेल, तर त्यांच्याकडून दहा छोटी वाक्ये अर्थासह घ्या. चिठ्ठ्या टाकून वर्गाचे दोन गट करा. एका गटाने ती वाक्ये ऐकून नुसती म्हणावीत. दुसऱ्याने तेवढाच वेळ, सोप्या चालीत, टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणावीत. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला किती वाक्ये आठवतात ते मोजा. असाच प्रयोग एडिंबरो येथे ६० प्रौढांवर हंगेरियन भाषा घेऊन झाला होता. १५ मिनिटांच्या सरावानंतर गाऊन शिकणारे सरस ठरले.

चिठ्ठ्या कशासाठी? गट आपणच निवडले, तर गाण्याची आवड असलेली किंवा मुळात हुशार मुले एका बाजूला जमतील, आणि फरक पडला तो चालीमुळे की मुलांमुळे, हे कळणार नाही.

शिक्षकांनीही एक विचार करावा. परीक्षा जवळ आली की पहिली कात्री गाण्याच्या तासावर चालते. ज्या मुलाला वर्गातली भाषा अजून एक अखंड आवाज वाटते, त्याला त्या तासात अर्थ न कळताही सर्वांबरोबर म्हणता येते, ठेका धरता येतो, आणि म्हणता म्हणता शब्द सुटे होऊ लागतात. त्याच्यासाठी तो तास करमणुकीचा नसून भाषेचाच आहे.